पाच खेळाडू, तीन पदकं: सान मारिनोने टोकियोत नेमकं काय जमवलं

५ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिकमधली ८६ किलो वजनगटाची कांस्यपदकाची कुस्ती. दीपक पुनिया २-१ ने पुढे होता आणि घड्याळात मोजकी सेकंदं उरली होती. तेवढ्यात समोरच्या मल्लाने त्याला खाली आणलं आणि दोन गुण घेतले. आपल्या बाजूने आक्षेप घेतला गेला, तो फेटाळला गेला, आणि नियमाप्रमाणे आणखी एक गुण त्याच मल्लाला मिळाला. निकाल ४-२. तो मल्ल म्हणजे माइल्स अमीन, आणि त्याचा देश सान मारिनो.

हा देश कुठला, हा प्रश्न त्या दिवशी भारतात अनेकांना पडला असेल. चारी बाजूंनी इटलीने वेढलेला, माँते तितानो नावाच्या डोंगराभोवती वसलेला, ६१ चौरस किलोमीटरचा देश. लोकसंख्या सुमारे ३४,०००, म्हणजे आपल्या वाई शहराएवढी. टोकियोला त्यांनी पाच खेळाडू पाठवले आणि तीन पदकं आणली: एक रौप्य, दोन कांस्य. १९६० साली रोममध्ये ते पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरले होते. तिथपासून ६१ वर्षं त्यांच्या नावावर एकही पदक नव्हतं. मग आठ दिवसांत तीन आली.

याला चमत्कार म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण ही पदकं कशी आली ते एकेक करून पाहिलं की ऑलिंपिकची आतली रचना उलगडत जाते: कोणत्या खेळात लहान देशाला वाव असतो, कुठे नसतो, आणि का.

पहिलं पदक २९ जुलैला आलं. खेळ होता महिलांचा ट्रॅप, खेळाडू अलेस्सांद्रा पेरिल्ली. ट्रॅप म्हणजे शॉटगनने उडत्या ताटल्या फोडण्याचा प्रकार. नेमबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रायफल, पिस्तूल आणि कागदी लक्ष्य येतं. हा प्रकार त्याहून पुष्कळ वेगळा आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

नेमबाजांसाठी एका ओळीत पाच जागा असतात. त्यांच्या पुढे १५ मीटरवर एक खंदक असतो आणि खंदकात १५ यंत्रं, म्हणजे प्रत्येक जागेसमोर तीन. या यंत्रांतून ताटल्या सुटतात. ताटली ११० मिलिमीटर व्यासाची, साधारण १०५ ग्रॅम वजनाची. तिला ‘क्ले’ म्हणायची पद्धत आहे, पण आता ती मातीची नसते; डांबर आणि चुनखडीच्या मिश्रणाची असते. यंत्र तिला सुमारे ७६ मीटर दूर फेकेल अशा बेताने लावलेलं असतं. नेमबाज बंदूक खांद्याला लावतो आणि आवाज देतो. समोरचा मायक्रोफोन तो आवाज टिपतो आणि त्याच क्षणी ताटली सुटते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. नशिबाचा भाग कमी राहावा म्हणून २५ ताटल्यांच्या फेरीत प्रत्येकाला १० डावीकडच्या, १० उजवीकडच्या आणि ५ सरळ ताटल्या मिळतात. फक्त त्यांचा क्रम माहीत नसतो.

बंदूक दुनळी असते, बारा बोअरची. काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे चालतात. ताटलीतून निदान एक तुकडा निघालेला दिसला तरच ती फुटली असं धरतात. नुसती धूळ उडाली तर गुण नाही. हातात एका सेकंदाहूनही कमी वेळ असतो. इतक्या वेळात ताटलीची दिशा ओळखायची, नळी तिच्या मागून पुढे न्यायची आणि घोडा ओढायचा. चुका होतात त्या ठरलेल्या जागी. गाल बंदुकीच्या दस्त्यावरून किंचित उचलला गेला की नेम वर जातो. घोडा ओढताना हाताचा झोत थांबला की छर्रे ताटलीच्या मागे पडतात. आणि नजर स्थिर व्हायच्या आत आवाज दिला तर ताटली दिसेपर्यंत ती लांब गेलेली असते.

प्राथमिक फेरीत १२५ ताटल्या असतात आणि प्रत्येकीला दोन गोळ्या झाडता येतात. पहिली चुकली तर दुसऱ्या नळीने सावरता येतं आणि गुण तेवढाच मिळतो. म्हणून इथे आकडे फार वर जातात. टोकियोत स्लोव्हाकियाच्या झुझाना रेहाक श्तेफेचेकोव्हाने १२५ पैकी १२५ फोडल्या. पण पहिल्या सहा जणी अंतिम फेरीत गेल्या की नियम बदलतो: एका ताटलीला एकच गोळी. सावरायची सोय गेली. २५ ताटल्यांनंतर सहावी बाद, ३० नंतर पाचवी, ३५ नंतर चौथी, ४० नंतर तिसरी. उरलेल्या दोघी ५० पर्यंत खेळतात.

पेरिल्ली ४० पैकी २९ वर थांबली. कांस्यपदक. सुवर्ण मिळवणाऱ्या झुझानाचेही ५० पैकी ४३ झाले, म्हणजे १२५ पैकी एकही न चुकवणाऱ्या नेमबाजाने अंतिम फेरीत ७ चुकवल्या. दुसरी गोळी काढून घेतल्याने काय होतं ते या दोन आकड्यांत दिसतं. अंतिम फेरीत तफावत इतकी वाढते की प्राथमिक फेरीतलं वर्चस्व पुसलं जाऊ शकतं, आणि सहाव्या क्रमांकाने आत आलेलीलाही पदकाची खरी संधी असते. मोठ्या देशाच्या नेमबाजाला हे जाचक वाटेल. लहान देशाच्या एकुलत्या एका नेमबाजासाठी तीच उघडी खिडकी आहे.

हे पदक अचानक आलं असं वाटू नये म्हणून नऊ वर्षं मागे जायला हवं. २०१२, लंडन. याच प्रकारात इटलीच्या जेसिका रोस्सीने १०० पैकी ९९ फोडून सुवर्ण नेलं. तिच्या मागे तिघी ९३ वर बरोबरीत: हीच झुझाना, फ्रान्सची देल्फीन रेओ आणि पेरिल्ली. दोन पदकं आणि तीन दावेदार. बरोबरी सुटेपर्यंत एकेक ताटली झाडायची, जिची चुकेल ती बाद. पेरिल्लीची आधी चुकली आणि ती चौथी आली. देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक एका ताटलीने हुकलं. ट्रॅपमध्ये उमेदीची वर्षं पुष्कळ असतात, तिशी-चाळिशीतले नेमबाज वरच्या पातळीवर खेळताना सहज दिसतात. म्हणूनच लंडनमध्ये हुकलेली खेळाडू नऊ वर्षांनी टोकियोत त्याच ताकदीने उभी राहू शकली. जलतरण किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये हे जवळपास अशक्य आहे. ज्या देशात एका पिढीत एखादाच असा खेळाडू निपजतो, त्याच्यासाठी या लांब कारकिर्दीचं मोल फार मोठं आहे.

आणि शेजार. सान मारिनोच्या चारी दिशांना इटली आहे आणि इटली हा शॉटगनच्या खेळातला दादा देश. बेरेत्ता आणि पेराझ्झी हे बंदुका घडवणारे कारखाने उत्तर इटलीतल्या ब्रेशिया भागातले. बंदूक खांद्याच्या मापाने बसवून देणारे कारागीर, प्रशिक्षक, सरावाच्या जागा, दर्जेदार प्रतिस्पर्धी हे सगळं रस्त्याने जाण्याच्या अंतरात, तेही एकाच भाषेत. ३४,००० लोकांना हे स्वतःच्या बळावर उभारता आलं नसतं. लहान देशाचा हिशेब करताना त्याच्या कुंपणापलीकडे काय आहे हेही मोजावं लागतं.

दोन दिवसांनी, ३१ जुलैला, दुसरं पदक आलं आणि माझ्या मते तिन्हींत तेच सर्वांत बोलकं आहे. मिश्र सांघिक ट्रॅप: एक पुरुष, एक स्त्री. पेरिल्लीबरोबर जान मार्को बेर्ती. दोघांनी मिळून १५० पैकी १४८ फोडल्या. स्पेनच्या जोडीचेही तेवढेच झाले. पहिल्या दोन जोड्यांत सुवर्णपदकाची लढत झाली आणि स्पेनच्या फातिमा गाल्वेस व आल्बेर्तो फेर्नांदेस यांनी ती ४१-४० अशी जिंकली. पुन्हा एका ताटलीचा फरक, पण या वेळी हाती रौप्य होतं.

या स्पर्धेसाठी वेगळे खेळाडू नेता येत नव्हते. वैयक्तिक ट्रॅपसाठी जे आधीच पात्र ठरले होते, त्यांच्यातूनच जोडी करायची. म्हणजे देशाकडे पात्र ठरलेला एक पुरुष आणि पात्र ठरलेली एक स्त्री असणं एवढंच पुरेसं होतं, पण तेवढं असणं मात्र अनिवार्य. मोठ्या देशाकडे चांगल्या नेमबाजांची रांग असली तरी त्यांच्या जास्तीत जास्त दोन जोड्या उतरू शकत होत्या. मैदानावर उभं राहिल्यावर रांगेतल्या बाकीच्यांचा काही उपयोग नव्हता. चौघांच्या रिले शर्यतीत किंवा अकरा जणांच्या हॉकीत देशाची खोली कामाला येते. इथे दोन माणसं पुरतात.

ऑलिंपिकमध्ये लोकसंख्येचा फायदा दोन प्रकारे होतो. एक, जितकी माणसं जास्त तितकी असामान्य माणूस सापडण्याची शक्यता जास्त. दोन, एकाच स्पर्धेत अनेक जण उतरवता आले तर पदकंही अनेक. पहिला फायदा कोणीच काढून घेऊ शकत नाही. दुसऱ्याला मात्र नियमांनी कात्री लावलेली आहे. महिलांच्या ट्रॅपमध्ये एका देशाच्या जास्तीत जास्त दोन नेमबाज, कुस्तीत एका वजनगटात एकच मल्ल. ही मर्यादा नसती तर काही स्पर्धांची अंतिम फेरी एकाच देशाच्या खेळाडूंनी भरली असती.

तिसरं पदक थेट या मर्यादेशी जोडलेलं आहे. माइल्स अमीन वाढला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आणि कुस्ती खेळला मिशिगन विद्यापीठाकडून. त्याचे आजोबा नाझेम अमीन १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये लेबनॉनकडून कुस्ती खेळले होते, म्हणजे सान मारिनो ज्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं तिथेच. सान मारिनोचं नातं आईच्या बाजूचं. विसाव्या शतकात तिथल्या अनेक कुटुंबांनी कामासाठी देश सोडला आणि त्यातली बरीच डेट्रॉइटच्या परिसरात स्थिरावली. या वारशातून त्याला नागरिकत्व मिळालं.

अमेरिकेकडून ८६ किलो गटात एकालाच जागा होती आणि ती डेव्हिड टेलरची होती, जो टोकियोत सुवर्ण जिंकला. अमेरिकेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या मल्लाला घरी बसावं लागतं, मग तो जगातल्या पहिल्या दहांत असला तरी. ज्याचं दुसऱ्या देशाशी खरं नातं आहे त्याला तिथून खेळता येतं. अमीनने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत पाचवा क्रमांक मिळवून ऑलिंपिकची जागा कमावली. त्या स्पर्धेतून प्रत्येक गटातले पहिले सहा पात्र ठरत होते. जागा त्याला कोणी दान दिली नव्हती, हे नीट लक्षात ठेवायला हवं. परदेशात वाढलेला खेळाडू म्हणून त्याचं पदक कमअस्सल ठरवणारे काही जण भेटतात. स्थलांतर ज्या देशाच्या इतिहासाचाच भाग आहे, त्याच्या बाबतीत हा आक्षेप मला पटत नाही.

टोकियोत अमीन उपांत्यपूर्व फेरीत टेलरकडूनच हरला. बहुतेक खेळांत तिथे प्रवास संपतो. कुस्तीत रेपेचाजची सोय आहे: ज्याने तुम्हाला हरवलं तो अंतिम फेरीत गेला, तर तुम्हाला कांस्यपदकासाठी दुसरी संधी मिळते. यामागचा विचार सरळ आहे. सोडतीत सर्वोत्तम मल्ल लवकर समोर आला, तर हरणाऱ्याला केवळ त्या दुर्दैवाची शिक्षा होऊ नये. शिवाय प्रत्येक गटात कांस्यपदकं दोन. टेलर अंतिम फेरीत गेला आणि अमीनसाठी दार उघडलं. त्याने रेपेचाजची कुस्ती जिंकली. समोर आला दीपक पुनिया, तोही उपांत्य फेरीत टेलरकडूनच हरलेला. पुढचं वर सांगितलंच आहे.

आता पदकतक्त्याचा विषय. तक्ता आधी सुवर्णांवर लागतो, बरोबरी असेल तर रौप्यांवर, मग कांस्यांवर. त्यामुळे एका सुवर्णपदकासह बर्म्युडा सान मारिनोच्या तीन पदकांच्या वर बसलं. ते सुवर्ण फ्लोरा डफीने ट्रायथलॉनमध्ये मिळवलेलं. भारत एक सुवर्ण, दोन रौप्य, चार कांस्य अशा सात पदकांसह ४८ वा होता.

मग लोक दुसरा तक्ता मांडतात: पदकामागे माणसं किती? सान मारिनोत ३४,००० भागिले तीन, म्हणजे साधारण ११,३०० माणसांमागे एक पदक. भारतात १४० कोटी भागिले सात, म्हणजे २० कोटींमागे एक. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण या भागाकाराने फसायला होतं आणि कुठे फसतो ते समजून घेण्यासारखं आहे.

पहिली खोट: लहान संख्येत एक पदक इकडचं तिकडे झालं की चित्रच उलटतं. पुनियाविरुद्धच्या कुस्तीत निकाल थोडा हलला असता, तर सान मारिनोचा आकडा लक्षणीय बदलला असता. भारताच्या सातात एक मिळवलं किंवा वजा केलं तरी भागाकार २० कोटींच्या आसपासच राहतो. दुसरी खोट अधिक गंभीर. या यादीत वर कोण दिसतं? ज्या चिमुकल्या देशांना पदक मिळालं तेच. ज्यांना मिळालं नाही ते शून्य म्हणून यादीतून गायब होतात. मोनॅको आणि अँडोरा हे सान मारिनोसारखेच लहान आणि श्रीमंत देश, पण मैदानी पदक एकही नाही. (मोनॅकोच्या झ्युलियाँ मेदसँ यांना १९२४ साली वास्तुकलेच्या स्पर्धेत कांस्य मिळालं होतं. तेव्हा ऑलिंपिकमध्ये कलास्पर्धाही असत, पण ती पदकं आता देशाच्या हिशेबात धरत नाहीत.) सगळे चिमुकले देश एकत्र करून, शून्यांसकट सरासरी काढली तर ‘लहान देश भारी असतात’ हा समज बराच उतरतो. तिसरी गोष्ट वर आलीच: भारताची माणसं चाळीसपट वाढली तरी एका वजनगटात मल्ल एकच जाणार. पदकं लोकसंख्येच्या पटीत वाढूच शकत नाहीत, त्यामुळे या भागाकारात मोठा देश कायम वाईट दिसतो.

त्यापेक्षा खेळाडूंच्या संख्येचा भागाकार मला उपयोगी वाटतो. पाचपैकी तिघे पदक घेऊन परतले, पेरिल्ली तर दोन घेऊन. उरलेले दोघे ज्युदो आणि जलतरणातले. एवढ्या लहान चमूत असं प्रमाण फार क्वचित जमतं.

शॉटगन लहान देशांना वाट देते याची उदाहरणं आणखीही आहेत. २००४ च्या अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं ते आपल्याला आठवतं. त्या दिवशी सुवर्ण जिंकणारे अहमद अल मक्तूम संयुक्त अरब अमिरातींचे होते आणि ते त्यांच्या देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक होतं. पॅरिसमध्ये ग्वाटेमालाला इतिहासातलं पहिलं सुवर्ण मिळालं ते अद्रियाना रुआनोच्या महिला ट्रॅपमध्येच.

राठोडांचा तो डबल ट्रॅप रिओ २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेला. स्त्री-पुरुषांच्या स्पर्धांची संख्या सारखी करायची होती, म्हणून पुरुषांचे तीन प्रकार काढून तीन मिश्र प्रकार आणले गेले. डबल ट्रॅपच्या जागी आला मिश्र ट्रॅप, म्हणजे सान मारिनोला रौप्य देणारा प्रकार. एका देशाची वाट बंद झाली तिथेच दुसऱ्याची उघडली. पण तीही टिकली नाही. पॅरिस २०२४ मध्ये मिश्र ट्रॅप काढून मिश्र स्कीट आणलं गेलं. स्कीटमध्ये दोन बाजूंच्या दोन घरांतून ताटल्या सुटतात आणि नेमबाज अर्धवर्तुळात जागा बदलत जातो. बंदुकीची ठेवण वेगळी, सराव वेगळा. ट्रॅपची जोडी रातोरात स्कीटची होत नाही. शंभर नेमबाज असलेला देश दुसरी जोडी उभी करतो. ज्याच्याकडे मोजकेच आहेत त्याच्यासाठी तो रकानाच पुसला जातो. कार्यक्रमातल्या अशा एका ओळीच्या बदलाने लहान देशाची चार वर्षांची आखणी कोलमडते, आणि बातम्यांत त्याचा उल्लेखही येत नाही.

ऑलिंपिकच्या मधल्या काळात या देशांचं हक्काचं मैदान म्हणजे युरोपातल्या लहान राष्ट्रांच्या क्रीडास्पर्धा. दर विषम वर्षी भरणाऱ्या या स्पर्धांची सुरुवात १९८५ साली सान मारिनोतच झाली आणि २००१ व २०१७ मध्येही यजमानपद त्यांच्याकडेच होतं. आइसलँड, सायप्रस, लक्झेंबर्ग, माल्टा, मोनॅको, अँडोरा, लिश्टेनश्टाइन आणि नंतर सामील झालेलं माँटेनेग्रो अशी मंडळी तिथे भेटतात. तिथली पदकं ऑलिंपिकच्या तोडीची नसतात. पण पाच जणांच्या ऑलिंपिक चमूत कधीच न मावणारे धावपटू, जलतरणपटू, टेबल टेनिसपटू तिथे देशाचा पोशाख घालून उतरतात. प्रशिक्षकांना काम मिळतं, मैदानं वापरात राहतात.

पॅरिसहून सान मारिनो रिकाम्या हाताने परतलं. मिश्र ट्रॅप नव्हता आणि बाकीच्या दारांतून या वेळी आत जाता आलं नाही. त्याच्या जागी आलेल्या मिश्र स्कीटमध्ये भारताची महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका ही जोडी कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोचली. समोर चीन होता. निकाल ४४-४३, एक ताटली कमी पडली.